मणक्यात 'गॅप' आलाय म्हणे? आधी कणा हाताने चाचपून बघा

"मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य ज्याला कोणी ऐकवलं नाही असा पाठदुखीवाला मला अजून भेटायचाय. मलाही ऐकवलं होतं, एक्स-रे उजेडाकडे धरून, आणि मग दोनेक महिने मी अशी समजूत करून घेऊन वावरत होते की माझे दोन मणके एकमेकांपासून लांब गेलेत, मधे पोकळी झालीय आणि जोरात शिंकले तर वरचं अर्धं धड निसटेल. खाली पडलेलं काही उचलायचं नाही, बसताना दोन्ही हात टेकवायचे, रात्री कूस बदलायची तर आधी मनातल्या मनात तयारी. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी प्लॅस्टिकचा कणा हातात दिला तेव्हा कळलं की भानगड नेमकी उलटी आहे. मधली गादी वयानुसार पातळ होते, म्हणजे अंतर कमी होतं, आणि त्या कमी झालेल्या अंतरालाच आपण सगळे 'गॅप आला' म्हणतो.

मी डॉक्टर नाही. कमरेतली सगळ्यात खालची, रिपोर्टच्या भाषेत एल५-एस१ ची गादी एकदा बाहेर आलेली, त्यापायी बरंच वाचलेली आणि बरंच विचारत बसलेली बाई आहे. ज्यांची कंबर किंवा मान पहिल्यांदाच धरलीय, हातात रिपोर्ट आलाय आणि त्यातलं एक अक्षर कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्रमाने वाचा, फक्त पायरी ५ आधी वाचलीत तर जास्त बरं.

पायरी १: कणा हाताने मोजा

मान पुढे झुकवा, हनुवटी छातीकडे. आता मानेच्या मागे, जिथे मान संपून खांदे सुरू होतात तिथे बोट फिरवा, एक ठसठशीत उंचवटा लागेल, कधी कधी दोन लागतात. हा बहुतेक वेळा सातवा मणका, रिपोर्टमधला सी७. दोन लागले तर युक्ती अशी की दोन्हीवर एकेक बोट ठेवून मान हळूच मागे घ्यायची, सहावा असेल तर बोटाखालून आत निसटल्यासारखा होतो, सातवा तिथेच राहतो. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा उगाचच खूप भारी वाटलं होतं.

मानेत सात मणके. जिराफाच्या मानेतही सातच असतात, फक्त एकेक वीतभर लांब. त्यातले वरचे दोन बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत. पहिला म्हणजे नुसतं कडं, त्यावर डोकं टेकलेलं, आणि दुसऱ्याला वर एक खुंटी, त्या खुंटीभोवती हे कडं फिरतं. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातलं जवळजवळ निम्मं वळण एवढ्या एका जोडीतच होतं, आणि या दोघांच्या मधे गादी नसतेच.

आता कोणाला तरी म्हणा खांद्याच्या पात्याचं खालचं टोक दाब, साधारण त्या रेषेत पाठीचा सातवा मणका येतो. पाठीच्या भागात बारा मणके, टी१ ते टी१२, काही रिपोर्टात टी ऐवजी डी लिहितात, घाबरू नका, तेच ते. या बाराही मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात म्हणून हा भाग घट्ट असतो आणि इथली गादी सहसा त्रास देत नाही.

मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, भांडायला उभं राहतो तसे, आणि अंगठे मागे. हाताखाली जे हाड लागतं त्याच्या वरच्या कडेवरून अंगठे मधोमध आणले की तुम्ही एल४ च्या आसपास आहात. कमरेत पाच मणके, एल१ ते एल५, सगळ्यात जाडजूड, कारण वरचं सगळं ओझं यांच्यावर. त्याखाली पाच मणके एकमेकांना चिकटून झालेलं तिकोनी हाड, त्रिकास्थी, रिपोर्टात एस, आणि शेवटी चारेक बारक्या मणक्यांचं माकडहाड. ७, १२, ५, ५ आणि ४, झाले ३३. हलणारे त्यातले २४, आणि गाद्या २३.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. बोटाला लागतं ते मणक्याचं मागचं शेपूट असतं, मुख्य मणका नाही. मुख्य मणका पुढे, शरीराच्या बराच आत. त्यामुळे पाठीवर हात फिरवून "हा बघा मणका बाहेर आलाय" म्हणणाऱ्याला हाताशी जे लागतंय ते बहुतेक वेळा ठीकठाक शेपूटच असतं, आणि ती शेपटं सगळ्यांचीच थोडी वाकडीतिकडी असतात.

बाजूने पाहिलं तर कणा सरळ नसतो. मानेत आत, पाठीत बाहेर, कमरेत परत आत. जन्मतः बाळाचा कणा एकाच बाकाचा असतो, मान धरायला लागलं की मानेचा बाक येतो आणि बसायला-चालायला लागलं की कमरेचा. म्हणजे 'सरळ बस, ताठ बस' हे ऐकत आपण मोठे झालो तरी कणा मुळात सरळ राहण्यासाठी बनलेलाच नाही.

पायरी २: एका मजल्यावर काय काय आहे ते बघा

सगळा कणा एकदम समजून घेऊ नका, एकच मजला घ्या, दोन मणके आणि मधली गादी. पुढे डब्यासारखा गोल मणका. त्याच्या मागे हाडाची कमान, आणि डबा नि कमान यांच्या मधल्या भोकातून मज्जारज्जू जातो. वरच्या-खालच्या कमानी मागे डावीउजवीकडे दोन छोट्या सांध्यांनी जोडलेल्या, त्यांना फॅसेट जॉइंट म्हणतात. हे सांधे कमरेत अशा कोनात असतात की पुढे-मागे वाकता येतं पण पीळ फारसा देता येत नाही. म्हणून जड पेटी उचलून पाय न हलवता नुसती कंबर फिरवून बाजूला ठेवणं, हा प्रकार कंबर फार काळ खपवून घेत नाही.

गादी म्हणजे डिस्क. बाहेर चिवट थर, टायरमधल्या धाग्यांसारखे, एक थर डावीकडे तिरपा तर पुढचा उजवीकडे, असे पंधरा ते पंचवीस, आणि आत पाणीदार गर. तरुणपणी त्या गरात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं, वय वाढलं की कमी होत जातं. आणि गंमत म्हणजे मोठ्या माणसाच्या गादीला रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, बाहेरच्या कडेला काय थोड्या असतील तेवढ्या. तिला लागणारं पोषण वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपत येतं, आणि दाब पडणं-सुटणं चालू राहिलं की पाण्याची ये-जा होते. दिवसभर उभं-बसून राहिल्यावर गादीतलं पाणी थोडं पिळून निघतं, रात्री आडवं झालं की परत भरतं, म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. अंतराळवीरांची उंची तर तिथे वजनच पडत नसल्यामुळे तीन टक्क्यांपर्यंत वाढते, आणि पाठदुखीची तक्रारही करतात बिचारे.

याचा आपल्याला उपयोग काय, तर सकाळी उठल्या उठल्या गादी टम्म फुगलेली असते आणि तेव्हा खोल वाकलं तर तिच्यावर ताण जास्त येतो. ज्यांची कंबर आधीच कुरकुरतेय त्यांनी उठल्यापासून तासभर तरी जमिनीपर्यंत वाकायचं काम ठेवू नये. मला औषधांच्या खालोखाल या एका बदलाने आराम पडला, आणि याला काहीच लागत नाही.

गादीच्या मागे वरपासून खालपर्यंत जाणारा एक पट्टा असतो, लिगामेंट. कमरेत उतरेपर्यंत तो अरुंद होतो, मधोमध जागा झाकतो आणि बाजू मोकळ्या राहतात. म्हणून गादी फुटली की बहुतेक वेळा मागे-बाजूला, तिरकी बाहेर येते, आणि नेमकी तिथूनच शीर बाहेर पडत असते. नशीबच म्हणायचं.

पायरी ३: वायरिंगचा नकाशा पाठ करा

शीर दबली असं आपण म्हणतो तेव्हा रक्ताची शीर नाही, नस, म्हणजे नर्व्ह. कण्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मुख्य केबल म्हणजे मज्जारज्जू, पण ती कण्याच्या शेवटपर्यंत जात नाही, एल१-एल२ च्या जवळच संपते. त्याखाली नुसता नसांचा झुपका लोंबत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा, आणि डॉक्टरी नावही तेच आहे, कॉडा इक्विना, घोड्याची शेपूट. लघवी-शौचावरचं नियंत्रण याच झुपक्यातून जातं, हे लक्षात ठेवा, पायरी ५ मधे लागेल.

आता नकाशा. अंगठ्यात मुंग्या येत असतील तर सी६ ची नस, मधल्या बोटात तर सी७, करंगळीत तर सी८. (मणके सात पण मानेच्या नसा आठ, कारण पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते.) मांडीच्या पुढे नि गुडघ्यापाशी असेल तर एल३-एल४. पोटरीच्या बाहेरून येऊन पावलाच्या वर, पायाच्या अंगठ्याकडे जात असेल तर एल५. मांडीच्या नि पोटरीच्या मागून उतरून पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे गेली तर एस१. माणसागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण दुखतं कुठे यापेक्षा मुंग्या नि बधीरपणा कुठे आहे, हे जास्त नेमकं सांगतं.

ताकद घरीच ढोबळ बघता येते. भिंतीला हात टेकून नुसत्या टाचांवर दहा पावलं चाला, पाऊल वर राहत नसेल, फटफट आपटत असेल तर एल४-एल५ कडे संशय. मग एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा वर-खाली व्हा, एका बाजूला जमतंय आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या-चौथ्यालाच टाच खाली येतेय तर एस१. माझं हेच झालं होतं, दुखणं तर जवळजवळ गेलेलं, पण डाव्या चवड्यावर चौथ्या वेळी टाच उठतच नव्हती, आणि चाचणी केली नसती तर महिनाभर कळलंही नसतं.

पायरी ४: नेमकं झालंय काय

उसण, म्हणजे काहीतरी उचलताना किंवा काहीच न उचलता, नुसतं कपाटाचा खालचा खण उघडताना कमरेत चमक भरते आणि माणूस आहे तिथे अडकतो. स्नायू किंवा लिगामेंट ताणलं गेलेलं असतं, कधी फॅसेट सांधा आखडलेला असतो, आणि खरं सांगायचं तर नेमकं काय हे बहुतेक वेळा कोणालाच दाखवता येत नाही. कंबरदुखीच्या दहातल्या नऊ जणांमधे एक ठराविक दुखावलेली जागा बोट ठेवून दाखवता येत नाही. दुखणं मात्र भयंकर असतं. इथेच लोक फसतात, खूप दुखतंय म्हणजे खूप काहीतरी तुटलंय असं वाटतं, आणि तसं अजिबात नसतं, स्नायू संरक्षण म्हणून घट्ट आवळून बसतात आणि ते आवळणंच जास्त दुखतं. काही दिवस ते काही आठवडे, आणि उतरतं.

मान अवघडणं हा याचाच मानेतला भाऊ. सकाळी उठलो, मान एका बाजूला वळतच नाही. तीन-चार दिवसांत सुटते. कृपा करून कोणाकडूनही कटकन मान मोडून घेऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून ओवल्यासारख्या वर जातात, जोराच्या झटक्याने क्वचित का होईना त्या आतून फाटतात आणि पक्षाघात होऊ शकतो.

गादी बाहेर येणं. 'डिस्क सरकली' म्हणतात पण ती पेटीतल्या खणासारखी सरकत नाही, वर-खाली मणक्यांना पक्की चिकटलेली असते. बाहेरच्या थरांना चीर पडते आणि आतला गर त्या चिरेतून बाहेर डोकावतो. कमरेतल्या अशा फुटलेल्या गाद्यांपैकी बहुतेक सगळ्या शेवटच्या दोन मजल्यांवरच्या असतात, एल४-एल५ आणि एल५-एस१. मानेत सी५-सी६ नि सी६-सी७. गर नसेवर गेला की नुसत्या दाबाने नाही तर त्यातल्या रसायनांनीही नस सुजते, आणि मग ढुंगणापासून पायापर्यंत वीज गेल्यासारखी कळ, तीच सायटिका. खोकलं, शिंकलं, जोर केला की कळ वाढते. कंबर कमी दुखते आणि पाय जास्त, ही खूण. मला मोजा घालता येत नव्हता, पाय वर घेतला की मांडीच्या मागून कोणीतरी तार खेचल्यासारखं, शेवटी पलंगावर पालथी पडून गुडघा मागे दुमडून मोजा चढवायचे.

हे प्रकरण नीट कळायलाही वेळ लागला, १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन डॉक्टरांनी फुटलेली गादी आणि पायातली कळ यांचं नातं स्पष्ट मांडलं, आणि त्यानंतर बराच काळ ऑपरेशन म्हणजेच उपाय असं चाललं. आता माहितीये की बाहेर आलेला गर शरीर स्वतःच पचवून टाकतं, पांढऱ्या पेशी येऊन त्याला खातात, आणि उलट वाटेल पण पूर्ण तुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा बारीक फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. बहुतेकांचा पाय दीड ते तीन महिन्यांत बराच हलका होतो. सगळ्यांचा नाही, काहींना इंजेक्शन लागतं, काहींना ऑपरेशन, आणि ते लागणं म्हणजे काही हरणं नाही.

मानेचा झटका, म्हणजे गाडीला मागून धडक बसली की धड पुढे जातं, चार-पाच किलोचं डोकं मागे राहतं आणि मग पुढे फेकलं जातं. याला व्हिपलॅश म्हणतात. त्या वेळी काहीच वाटत नाही, दुसऱ्या दिवशी मान लाकूड होते, डोकं दुखतं, कधी गरगरतं. हाड मोडलं नाहीये हे डॉक्टरांनी एकदा बघितलं की मऊ पट्टा लावून बसण्यापेक्षा मान हळूहळू हलवत राहणं बरं.

बाकीचे पटकन. उतारवयात चालताना दोन्ही पाय भरून येतात, थांबून पुढे वाकलं किंवा बसलं की मोकळे होतात, आणि चालण्यापेक्षा सायकल सोपी जाते, तर नसांची वाट अरुंद झालेली असते, त्याला स्टेनोसिस म्हणतात. वेगवान गोलंदाज, जिम्नॅस्ट अशा कंबर मागे वाकवून पिळणाऱ्या पोरांना एल५ च्या कमानीत बारीक तडा जातो, वाढत्या वयाच्या खेळाडूची कंबर मागे वाकल्यावर दुखत असेल आणि तीन-चार आठवडे जातच नसेल तर स्नायू समजून बसू नका. हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांचा मणका साध्या धक्क्यानेही पुढून चेपतो, पाठ वाकते, उंची कमी होते, आणि कित्येकदा कोणाला कळतही नाही. माकडहाडावर आपटलात तर बसणं मुश्किल होतं, आठवडे जातात, मधे खाच असलेली उशी घ्या. आणि पंचविशी-तिशीत कंबर सकाळी अर्धा तास-तासभर आखडलेली, हलल्यावर मोकळी आणि आराम केला की वाईट, असं तीन महिने चाललं असेल तर ती दुखापत नाही, सांधेवाताचा प्रकार असू शकतो, संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा.

पायरी ५: इथे थांबायचं नाही, निघायचं

जांघेत, गुदद्वाराभोवती, म्हणजे सायकलच्या सीटला जेवढा भाग टेकतो तेवढा बधीर झालाय, लघवी अडलीय किंवा कधी झाली कळत नाहीये, दोन्ही पायांत कळ किंवा ताकद गेलीय, तर ती घोड्याची शेपूट दबलीय. सकाळी बघू म्हणू नका, रात्री असेल तर रात्रीच हॉस्पिटल. ऑपरेशन किती तासांत झालं यावर पुढची लघवी-शौचाची शुद्ध अवलंबून असते. लाजेपायी हे लक्षण लोक सांगत नाहीत, डॉक्टरांनी विचारेपर्यंत वाट बघू नका, स्वतःहून सांगा.

मानेचं दुखणं आणि सोबत हाताने शर्टची बटणं लागेनाशी होणं, अक्षर बिघडणं, चालताना तोल जाणं, यात नुसती नस नाही तर खुद्द मज्जारज्जू दबत असू शकतो. दुखत फार नसलं तरी.

पाऊल लुळं पडत चाललंय, तापासोबत पाठदुखी आहे, आधी कॅन्सर होऊन गेलाय, वजन कारण नसताना उतरतंय, रात्री झोपेतही दुखणं सोडत नाही, बरेच महिने स्टिरॉइड चालू आहेत, यातलं एकही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा.

आणि अपघात. उंचावरून पडलेल्या, गाडीवरून उडालेल्या, उथळ पाण्यात सूर मारून डोकं आपटलेल्या माणसाला उचलून बसवायचं नाही. चार जण हातापायाला धरून रिक्षात कोंबतात ना, त्यात शाबूत राहिलेला मज्जारज्जू जायबंदी होऊ शकतो. अँब्युलन्स बोलवा, डोकं दोन्ही बाजूंनी हाताने धरून आहे तसं स्थिर ठेवा, हेल्मेट ओढू नका, पाणी पाजू नका. आगीत, रस्त्याच्या मधोमध असा दुसरा धोका असेल तरच हलवा. उलटी होत असेल तर डोकं, मान, धड एकाच वेळी ओंडक्यासारखं कुशीवर वळवा, तीन-चार जण लागतात. श्वासच बंद असेल तर मात्र आधी सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, मणका नंतर.

पायरी ६: पहिले काही दिवस

पायरी ५ मधलं काही नाही असं धरून. पहिला-दुसरा दिवस झोपावंसं वाटलं तर झोपा, पाठीवर झोपून गुडघ्याखाली उशा, किंवा कुशीवर आणि गुडघ्यांच्या मधे उशी. पण तिसऱ्या दिवशी उठा. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीवाल्यांच्या एका गटाला दोन दिवस आणि दुसऱ्या गटाला सात दिवस झोपून राहायला सांगून बघितलं, दोन दिवसवाल्यांच्या कामावरच्या रजा ४५ टक्के कमी झाल्या आणि बाकी तब्येतीत दोन्ही गटांत फरक नाही. तरी अजून "तीन आठवडे बेडरेस्ट" ऐकायला मिळतंच.

शेक घ्या, पंधरा-वीस मिनिटं, गरम शेकाने उसणीला बरं वाटतं. बधीर झालेल्या भागावर मात्र शेकू नका, भाजलेलं कळत नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, पोटाचा, किडनीचा, बीपीचा त्रास असणाऱ्यांनी तर नक्कीच.

चाला. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून सहा-सात वेळा, एकदम अर्धा तास नाही. चालल्यावर पायातली कळ वर सरकून कंबरेत गोळा होत असेल तर ते चांगलं लक्षण, कंबर थोडी जास्त दुखली तरी. खाली उतरत असेल, पोटरीतून पावलात जात असेल, तर जे करताय ते थांबवा.

पलंगावरून उठताना पोटावर जोर देऊन सरळ उठू नका. गुडघे दुमडा, सगळं अंग एकदम कुशीवर, पाय पलंगाखाली सोडता सोडता कोपराने वर ढकला. पायांचं वजन खाली जातं तसं धड आपोआप वर येतं. शिंक येतेय असं वाटलं तर एक हात मांडीवर किंवा टेबलावर टेका आणि वाकू नका, हे ऐकायला येडपट वाटतं पण पहिल्या आठवड्यात लाख मोलाचं आहे.

पायरी ७: रिपोर्ट वाचायला बसा, पण बसूनच

एमआरआयचा रिपोर्ट हा वाचणाऱ्याला झोपवायलाच लिहिलाय की काय असं वाटतं. 'डीजनरेटिव्ह चेंजेस' म्हणजे वयाच्या खुणा, पाठीच्या सुरकुत्या समजा. 'डेसिकेशन' म्हणजे गादीतलं पाणी कमी झालंय. 'बल्ज' म्हणजे गादी सगळीकडून थोडी फुगलीय, फुटलेली नाही. 'प्रोट्रूजन' म्हणजे एका जागी टेंगूळ, 'एक्स्ट्रूजन' म्हणजे गर बाहेर आलाय. 'ऑस्टिओफाइट' म्हणजे कडेला वाढलेलं हाड. 'लॉस ऑफ लॉर्डोसिस' म्हणजे बाक कमी दिसतोय, जो दुखऱ्या माणसाला आखडून झोपवल्यावर कमी दिसणारच.

२०१५ साली ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांचे स्कॅन एकत्र करून बघितले गेले. विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या. झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६. आणि दुखत काहीच नाही! म्हणून रिपोर्टमधला मजला आणि तुमच्या मुंग्यांचा नकाशा जुळतो का, हे बघायचं. रिपोर्ट म्हणतो उजवीकडे एल४-एल५ आणि मुंग्या डाव्या पायाच्या करंगळीत, तर तो बल्ज बहुधा नुसता प्रेक्षक आहे. (कमरेत मधली गादी सहसा खालच्या नंबरची नस दाबते, एल४-एल५ ची गादी एल५ नस, आणि मानेतही सी६-सी७ ची गादी सी७ नस, हे धरून जुळवा.) साध्या एक्स-रेत गादी आणि नस दिसतच नाही, फक्त हाडं दिसतात, आणि पहिल्याच आठवड्यात, धोक्याची खूण नसताना, एमआरआय करून बहुतेकांच्या उपचारात काही बदलत नाही.

पायरी ८: बसणं, उचलणं, आणि परत कामाला लागणं

बसल्यावर गादीवर उभ्यापेक्षा कितीतरी जास्त दाब येतो हे तुम्ही ऐकलं असेल. ते आलं स्वीडनच्या अल्फ नॅकेमसन या डॉक्टरांकडून, त्यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. १९९९ साली नव्या यंत्राने पुन्हा मोजलं तेव्हा आरामात रेलून बसलेल्या माणसाचा दाब उभ्यापेक्षा कमीच निघाला. पाठ गोल करून वाकून जड वस्तू उचलताना दाब फार चढतो, यावर मात्र दोघांचं जमलं. म्हणजे खुर्ची शत्रू नाही, एकाच ठरलेल्या अवस्थेत तीन तास दगड होऊन बसणं वाईट. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, बसा. मोबाइल छातीच्या उंचीवर आणा, मान दर वेळी खाली टाकण्यापेक्षा.

उचलताना वस्तू अंगाला जितकी चिकटेल तितकं बरं, मी तर म्हणेन गुडघे-कंबर कुठे वाकवायचे या वादापेक्षा हे जास्त महत्त्वाचं, हात लांब करून धरलेली पाच किलोची पिशवीही पोटाशी धरलेल्या पिशवीपेक्षा कमरेला कितीतरी जड जाते. आणि वळायचं तर पावलं टाकून वळा.

व्यायाम, कळ ओसरल्यावर. गुडघे-हात टेकून विरुद्ध हात-पाय लांब करणे, कुशीवर कोपर-गुडघ्यावर तोलणे, पालथं झोपून कोपरांवर छाती वर घेणे. पाठीच्या आतले लहान स्नायू दुखण्याच्या काळात सुस्तावतात आणि दुखणं गेलं की आपोआप जागे होतातच असं नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी नीट करून घ्या, व्हिडिओ बघून मी दोन महिने चुकीच्या बाजूला वाकत होते.

डॉक्टरकडे जाताना मी एक चिठ्ठी नेते. दुखणं कधी सुरू झालं, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटात, खोकल्यावर वाढतं का, किती मिनिटं बसवतं, किती चालवतं, लघवी ठीक का. पहिल्यांदा नेलेल्या चिठ्ठीत शेवटी लिहिलं होतं, "डावी टाच चौथ्या वेळी उठत नाही." डॉक्टरांनी एमआरआयचा लिफाफा तसाच बाजूला ठेवला, चपला काढायला सांगितल्या आणि म्हणाले, भिंतीला हात लावा, दाखवा बघू.